पाठमोरा फलक

१

सासूबाईंचा तिसरा फलक पालिकेच्या दिव्याच्या खांबाला बांधलेला सापडला, तेव्हा सुनेच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो सासूबाईंनी ऐकला असता तर तिला बाकावर उभं केलं असतं.

सून पालिकेत फलक निरीक्षक होती. दुकानांच्या पाट्या, जाहिराती आणि निवडणूक आली की उमेदवारांचे प्रचारफलक कुठे लावायचे, केवढे लावायचे, कधी उतरवायचे, हा सगळा ताप तिच्याच डोक्याला. वॉर्डातले लोक तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'फलकवाली'. तिच्या सासूबाई त्याच वॉर्डातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धा वॉर्ड त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात. मोठ्या बाईंनी निवडणुकीचा अर्ज भरला.

त्याच दिवशी फलकवालीने साहेबांकडे जाऊन सांगितलं होतं, की मला या कामातून मोकळं करा, सासूच्या फलकांवर सून नजर ठेवते हे बरं दिसत नाही. पण दुसरे निरीक्षक एक पाटी उतरवताना शिडीवरून पडले होते आणि पाय प्लास्टरमध्ये घेऊन घरी बसले होते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही निःपक्षपाती आहात हे दाखवायची ही संधी आहे." साहेबांना अशा संधी नेहमी दुसऱ्यांसाठीच सुचत.

नियम असा होता. फलक खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने लावायचा. खांब, झाड, पालिकेची भिंत यांना हात लावायचा नाही. तक्रार आली की चौकशी करायची. तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की उमेदवारी रद्द. फलक कुणी लावला ते कळलं नाही, तर तो ज्याचा त्यानेच लावला असं समजायचं. आणि उमेदवाराच्या घरच्या माणसाने काही उद्योग केला, तर तो उमेदवारानेच केला असं धरायचं. हे शेवटचं कलम विद्यमान सदस्य आणि मोठ्या बाईंचे एकमेव प्रतिस्पर्धी वखारवाले यांनी मोठ्या हौसेने घातलं होतं, कारण मागच्या वेळी त्यांच्या विरोधकाचे सगळे मेहुणे शहरभर फलक लावत सुटले होते.

आता तिसरी तक्रार आली होती. तिन्ही वेळा तोच खांब, वखारवाल्यांच्या घरामागच्या गल्लीतला, जिथे कुंपणाची भिंत आत वळून एक कोपरा तयार झालाय तिथला. उद्या कचेरी बंद व्हायच्या आत अहवालावर सही करायची होती. सही केली की सासूबाई निवडणुकीतून बाद. नाही केली तर सून नोकरीतून बाद, कारण सासूला वाचवलं हे बोलायला गाव मोकळंच होतं.

ती स्टुलावर चढली. फलक जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी घट्ट बांधला होता. शिवाय आधीच्या दोन्ही वेळांसारखाच पाठमोरा. पाठ रस्त्याकडे आणि सासूबाईंचा चेहरा भिंतीच्या कोपऱ्याकडे. बाकी फलकावर धूळ होती, चेहरा मात्र कुणीतरी लख्ख पुसला होता. पट्ट्या कापता कापता तिचे हात भरून आले. मग ती तिथेच कोपऱ्यातल्या कट्ट्यावर बसली आणि पिशवीतल्या थर्मासमधला चहा काढून सावकाश प्याली. जरा बरं वाटलं.

'बाबांना साधा फलकसुद्धा धड लावता येत नाही,' ती मनात म्हणाली. बाबा म्हणजे तिचे सासरे. फलक तेच बनवत होते, आणि तिचा पहिला संशय त्यांच्यावरच होता.

२

"मी?" सासरे ब्रश हातात घेऊन उभेच राहिले. घराची मागची खोली रंगाच्या डब्यांनी आणि मोठ्या बाईंच्या चेहऱ्यांनी भरली होती. सगळे चेहरे चष्म्यावरून एकटक बघत होते. फलकवालीच्या नवऱ्याने सुचवलं होतं, की आईचा जरा हसरा फोटो घ्या. घरातले सगळे अल्बम उपसले, हसरा सापडला नाही.

"बाबा, खरं सांगा. तिकडे वर्दळ असते म्हणून तुम्ही हौसेने लावला असेल तर आत्ताच कबूल करा. मी काहीतरी मार्ग काढते."

"अगं, मी लावला असता तर तोंड रस्त्याकडे करून लावला असता ना? इतका जीव लावून रंगवलाय, तो काय भिंतीला दाखवायला? आणि मुळात तिथे वर्दळ आहेच कुठे? मागची गल्ली ती."

यात काही खोट काढता येत नव्हती.

"आणि फलक कमी होतायत ते बघ आधी," सासरे म्हणाले. "त्या गल्लीत तीन घरच्या बागांमध्ये रीतसर परवानगीने लावले होते. तिन्ही गेले. मी नवीन बनवतोय तर हे चोरीला जातायत."

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

"तुला सही करायची असेल तर कर," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नोकरीला डाग लावून घेऊ नकोस. पण एक सांगते, मी आयुष्यात कधी खांबाला काही बांधलेलं नाही."

"आई, मला माहीत आहे हो. पण तुमच्यावर डाव धरून हे कोण करतंय तेच कळत नाहीये."

"डाव धरणारा माणूस माझा चेहरा सगळ्यांना दिसेल असा लावेल," मोठ्या बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

फलकवालीला रात्रभर झोप लागली नाही. आईंना अडकवायचं असेल तर फलक दिसायला हवा. प्रचार करायचा असेल तरी फलक दिसायला हवा. मग कुणालाच न दिसणारा फलक लावायचा खटाटोप करतं कोण?

३

तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या होत्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या तक्रारकाकांच्या. हे काका मोठ्या बाईंच्याच शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तक्रारींची कला हाती घेतली. कुत्री, दिवे, शेजाऱ्यांचा रेडिओ, पालिकेच्या बाकाचा रंग, काहीही त्यांना चालत असे. त्यांचं घर मात्र आरशासारखं स्वच्छ होतं. दारात पायपुसण्याच्या आधी आणखी एक पायपुसणं.

"या सूनबाई. सासूला वाचवायला आलात?"

"चौकशीला आलेय, काका. तुम्ही फलक पाहिलात कधी?"

"सकाळी. मी रोज सकाळी त्या बाजूला जातो. पाय मोकळे करायला."

"लावताना कुणी दिसलं?"

"नाही बुवा. पण हे बरोबर नाही हां, सांगून ठेवतो. पालिकेचा खांब म्हणजे काय घरची खुंटी आहे? आणि तो फोटो! अशा रोखून बघतात तुमच्या सासूबाई, की सकाळी सकाळी माणसाच्या छातीत धस्स होतं. वीस वर्षं मी त्या नजरेखाली काढली. आता तरी सुटका नको का?"

"वखारवाल्यांनी तुम्हाला तक्रार करायला सांगितलं का?"

काका तडकले. "मला कुणाच्या सांगण्याची गरज पडते का? पहिली तक्रार मी माझ्या मनाने केली. पुढच्या दोन्ही वेळी त्यांनी पाठ थोपटली, एवढंच."

म्हणजे डाव वखारवाल्यांचा असू शकत होता. फलकवाली उठली. निघताना काकांनी तिच्या चपलांचे ठसे तिच्यादेखतच पुसले.

४

वखारवाले कार्यकर्त्यांच्या गराड्यात बसले होते. तिला बघून त्यांनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि मोठ्याने हाक मारली, "अगं, चहा टाक! मॅडम आल्यात!"

"चहा नको. तुमच्या भिंतीलगतचा खांब आहे. तुम्हाला काही ठाऊक असेल म्हणून आले."

"ताई, मला तुमचं दुःख कळतं. घरचंच माणूस. पण नियम म्हणजे नियम. मी तर तो स्वतः लिहिलाय, मीच कसा वाकवणार?" त्यांचा चेहरा दुःखाने अगदी फुलून आला होता.

"तुमच्या माणसांपैकी कुणी..."

"माझी माणसं मोठ्या बाईंचा फलक हातात धरतील? अहो, माझी सगळी पोरं त्यांच्या शाळेतली. फलक उतरवायचा म्हटलं तरी हात थरथरतात त्यांचे. मी स्वतः त्यांचा विद्यार्थी. अजून त्यांच्यासमोर माझा हात आपोआप पाठीमागे जातो."

हे खरं वाटलं. वखारवाले खोटं बोलताना नेहमी आकडे सांगत, आज एकही सांगितला नव्हता.

वहिनी चहा घेऊन आल्या. वखारवाल्यांची बायको, बारीक चणीची, कमी बोलणारी. स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं होतं आणि तिथून पलीकडची खिडकी दिसत होती. खिडकी सताड उघडी. चौकटीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीचे जुने, काळपट माग राहिले होते.

"ती खिडकी लाव गं, गल्लीतला आवाज येतो," वखारवाले म्हणाले.

"राहू दे उघडी," वहिनी म्हणाल्या. "कितीतरी दिवसांनी उघडलीय." मग त्या फलकवालीकडे वळल्या. "मॅडम, काल तुम्ही फलक काढून नेलात. आता परत नाही का लागणार तो?"

"नाही, वहिनी. आता तर उमेदवारीच रद्द होईल."

वहिनींचा चेहरा पडला. वखारवाले खो खो हसले. "हिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. अगं, आपल्या फायद्याचं आहे ते!"

वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या.

५

कचेरीत साहेब अहवालाची वाट बघत होते. "मॅडम, संध्याकाळपर्यंत सही. वरून फोन येतायत. लावणारा सापडला का?"

"नाही."

"मग झालं. लावणारा नाही, म्हणजे ज्याचा फलक तोच. सोपं आहे."

सोपं! तिला वाटलं, साहेबांना स्टुलावर चढवावं आणि स्टूल काढून घ्यावं. ती टेबलाशी जाऊन बसली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. घरी जाऊन सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं? त्या काही बोलणार नाहीत. नेहमीसारखं ताट वाढतील. तेच सोसवणार नव्हतं.

शेजारच्या टेबलाशी सफाईचे मुकादम फोन आपटत होते. त्यांचंही डोकं फिरलेलं. "या वखारवाल्यांच्या मागच्या गल्लीचं मला काही कळत नाही. पाच वर्षं तिथे गाडीभर कचरा. मध्येच एकदम बंद, पान नाही. मी म्हटलं, सुधारले लोक. गाडी दुसरीकडे वळवली, तर परत ढीग! परत गाडी लावली, परत कोपरा साफ! आणि आज सकाळपासून पुन्हा फोन, वास येतोय म्हणून. ही काय थट्टा चाललीय का?"

फलकवालीने मान वर केली. "आज सकाळपासून?"

"हो ना. कालपर्यंत ठीक होतं."

काल. काल ती त्या कोपऱ्यात कट्ट्यावर बसून चहा प्याली होती. सावकाश, अगदी आरामात. गेली पाच वर्षं त्या गल्लीतून जाताना तिने नाकाला रुमाल लावला होता, श्वास धरून पावलं उचलली होती. आणि काल तिथे बसून ती चहा प्याली, आणि त्यात काही विचित्र आहे हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिने पेन खाली ठेवलं.

"साहेब," ती दारातूनच म्हणाली, "काकांना बोलवा, वखारवाल्यांनाही बोलवा. इथे नको, गल्लीत. वहिनींनाही यायला सांगा."

"वहिनींना कशाला?"

"चला तर आधी."

६

कोपऱ्यात ढीग साचला होता. साली, फुटक्या बाटल्या, ओली खोकी. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. वखारवाले चिडून घड्याळ बघत होते. तक्रारकाका ढिगापासून लांब, अगदी सज्जनासारखे उभे होते. वहिनी मागच्या दारातून बाहेर आल्या.

"मॅडम, लवकर आटपा," साहेब रुमालातून म्हणाले.

"आटपते. हा फलक पाठमोरा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त लाकूड दिसत होतं. म्हणजे तो प्रचाराला लावला नव्हता आणि आईंना अडकवायलाही नव्हता. त्याचा चेहरा इकडे होता, या कोपऱ्याकडे. इथे कोण येतं? कचरा टाकायला येणारा. दुसरं कुणीच नाही."

ती ढिगाकडे वळली.

"फलक असला की कोपरा साफ. मी फलक काढून नेला की दुसऱ्या दिवशी ढीग. मुकादम पंधरवडाभर डोकं धरून बसलेत. या वॉर्डातला कुणीही पिशवी घेऊन इथे आला, की समोर आई चष्म्यावरून बघतायत. पिशवी टाकायची हिंमत कुणाची? म्हणून चेहरा रोज पुसलेला असायचा. लावणाऱ्याला ती नजर स्वच्छ हवी होती. आता सांगा, या कोपऱ्याचा जाच सगळ्यात जास्त कुणाला? या भिंतीत एकच खिडकी आहे, आणि ती इतके दिवस चिकटपट्टी लावून बंद होती."

वखारवाल्यांनी खिडकीकडे बघितलं. मग बायकोकडे.

"काहीतरीच काय! ही कशाला..."

"मीच लावला," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तिन्ही मीच लावले. त्या बागांमधून आणले आणि आपल्या जुन्या चादरीने बांधले. पाच वर्षं तुम्हाला सांगतेय, स्वयंपाक करताना मळमळतं, हा कोपरा साफ करून द्या. तुम्ही म्हणायचात, बैठकीत घेतो. तुम्ही निवडून येऊन पाच वर्षांत जे जमलं नाही, ते मोठ्या बाईंच्या नुसत्या फोटोने एका सकाळीत केलं."

साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि वास विसरून हळूच म्हणाले, "मॅडम, उमेदवाराच्या घरच्या माणसाने केलं म्हणजे... कलमाप्रमाणे..."

"उमेदवारानेच केलं. तिन्ही वेळा."

वखारवाल्यांचा रंग उडाला. त्यांना आपलं कलम तोंडपाठ होतं.

"म्हणजे हे बाद, आणि तुमच्या सासूबाई बिनविरोध!" साहेब कुजबुजले.

क्षणभर फलकवालीला ते चित्र फार गोड वाटलं. कसली दगदग नाही, ताप नाही, मागच्या खोलीतले रंगाचे डबेही जातील. पण मोठ्या बाईंना ती ओळखत होती. रिकाम्या वर्गात पहिला नंबर त्यांनी कुणाला दिला नव्हता, आणि स्वतःलाही घेतला नसता.

"काका!" वखारवाले ओरडले. "तक्रार मागे घ्या! तिन्ही!"

"का म्हणून?" तक्रारकाका ताठ झाले. "मी तत्त्वाचा माणूस आहे. नियम तो नियम."

"काका, एक विचारायचं राहिलं," फलकवाली म्हणाली. "फलकाची पाठ रस्त्याकडे होती. पाय मोकळे करणाऱ्याला लाकूड दिसणार. मग आई रोखून बघतात हे तुम्हाला कसं दिसलं? ते दिसायला इथे, या कोपऱ्यात यावं लागतं. तुम्ही रोज सकाळी इथे कशाला येत होता?"

काकांची नजर ढिगावर गेली आणि तिथून चटकन उडाली. आरशासारख्या घराचा कचरा जातो कुठे, हे सगळ्यांना एकदमच उमगलं. मुकादम असते तर त्यांनी टाळी दिली असती.

"तक्रारी मागे घेतो," काका पुटपुटले.

"तिन्ही?"

"तिन्ही."

तक्रार नाही तर चौकशी नाही. साहेबांनी मोकळा श्वास घेतला आणि लगेच त्यांना पश्चात्ताप झाला, कारण ढीग तिथेच होता.

७

दुसऱ्या दिवशी फलकवाली टेबलाशी बसते न बसते तोच साहेबांनी हाक मारली.

"मॅडम, तुमच्या सासूबाई."

"आता काय झालं?"

"त्या खांबापाशी खुर्ची टाकून बसल्यात. पहाटेपासून. मांडीवर पुस्तक आहे म्हणे, पण वाचत नाहीत, चष्म्यावरून बघतायत. लोक पिशव्या घेऊन येतात आणि नमस्कार करून तशाच परत नेतात. तक्रार आलीय."

"कुणाची?"

साहेबांनी कागद पुढे केला. सही वाचायची गरजच नव्हती.

फलकवालीने नियमांचं पुस्तक उघडलं. लांबी होती, रुंदी होती, जमिनीपासूनची उंची होती, कोणत्या रंगाचे दिवे चालत नाहीत तेही होतं. उमेदवाराने खुर्ची टाकून कोपऱ्यात बसावं की नाही, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"खांबाला बांधलंय का त्यांना?" तिने विचारलं.

"छे! बांधायची हिंमत कुणाची?"

"मग हा माझा विषय नाही, साहेब."

तरी दुपारी ती गल्लीत जाऊन आलीच. काल आपण त्यांच्या मनासारखं करून निवडणूक वाचवली म्हणून सासूबाई काही म्हणतील असं तिला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हातून आलीस, बस जरा." कोपरा धुतलेला होता. वखारवाल्यांच्या घराची खिडकी सताड उघडी होती, आणि वहिनी खिडकीतून हात बाहेर काढून मोठ्या बाईंना चहा देत होत्या. फलकवालीला बघून त्यांनी आणखी एक कप भरला. मग ती कट्ट्यावर बसली आणि चहा प्याली.